दहा वर्षं क्वालिटीत काढली, आता पीआरमध्ये येऊ का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वय चौतीस. फूड टेक्नॉलॉजीची पदवी. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत दहा वर्षं क्वालिटी विभागात. कंपनीचा वर्धापनदिन असो की घरातलं लग्न, माइक फिरून फिरून तुमच्याच हातात येतो आणि सगळे म्हणतात, 'तू तर पीआरमध्ये पाहिजे होतीस.' घराचा हप्ता चालू आहे, मुलगी दुसरीत आहे, नवऱ्याची नोकरी नागपूर सोडू देत नाही. तर पीआरचा, म्हणजे जनसंपर्काचा, वर्षभराचा डिप्लोमा केला तर इथेच ती नोकरी मिळेल का, आणि आधीची दहा वर्षं पाण्यात जातील का, असं तुम्ही विचारलंय.

मी २००३ पासून हे काम करतो. त्याआधी सात वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. धंतोली आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यांबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसण्यात माझी विशी गेली. मीही बाहेरूनच आलेला माणूस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो माइक बाजूला ठेवू. चांगलं बोलता येतं म्हणून पीआरमध्ये यावं, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. सूत्रसंचालन करणाऱ्यापुढे बसलेले लोक टाळ्या वाजवायच्या तयारीनेच आलेले असतात. पत्रकाराला संध्याकाळी सात वाजता दोन कॉलम भरायचे असतात, त्याला तुमच्या आवाजाशी देणंघेणं नसतं. आमचं बरंचसं बोलणं फोनवर, हळू आवाजात आणि समोरच्याचं ऐकत चालतं. उरलेला दिवस लिहिण्यात, लिहिलेलं कापण्यात आणि साहेबांची सही मिळेपर्यंत केबिनबाहेर थांबण्यात जातो. (थांबण्याची सवय मला एमआरच्या दिवसांनी लावली. ती अजून पुरते आहे.)

मग तुम्हाला घेतील का, हे विचारण्याआधी दुसरंच विचारावं लागेल: मास कॉम करून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलाकडे जे नाही, असं तुम्ही पहिल्या दिवशी काय घेऊन येणार? उत्तरासाठी एक रात्र सांगतो.

काही वर्षांपूर्वी हिंगण्याच्या बाजूच्या एका कारखान्याचं काम माझ्याकडे होतं. रात्री पावणेनऊला तिथल्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. प्रचंड आवाज झाला आणि पांढरा ढग शेडच्या वर गेला. शेजारच्या वस्तीतली माणसं लेकरं घेऊन रस्त्यावर आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'गॅस लीक' सुरू झालं. नऊ वाजून पाच मिनिटांनी मला पहिल्या पत्रकाराचा फोन आला. मी कारखान्यात फोन लावत सुटलो. पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या. जनरल मॅनेजर म्हणाले, "मुंबईहून परवानगी येईपर्यंत काही बोलायचं नाही." थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला: "असं करा, नियमित चाचणी चालू होती म्हणून सांगून टाका."

तेवढ्यात शिफ्टवरचा युटिलिटीचा इंजिनिअर लाइनवर आला. तिशीचा पोरगा, काटोलकडचा. त्याला विचारलं, नेमकं झालं काय? तो म्हणाला, "सर, कुकरची शिट्टी. दाब वाढला की शिट्टी होते, म्हणूनच कुकर फुटत नाही. आमची शिट्टी तेवढी मोठी आहे." कोणाला लागलं का? नाही. वाफेशिवाय दुसरं काही बाहेर गेलं का? नाही. मग चाचणी म्हणू का? तो थांबला. म्हणाला, "लॉगबुकात चाचणी नाही सर. उद्या पाहणीला कोणी आलं, तर मी काय दाखवू?"

साहेबांना तेच वाक्य ऐकवलं. तीन वाक्यांची परवानगी मिळाली: काय झालं, कोणालाही इजा नाही, दाब का वाढला ते तपासतो आहोत. यात चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात एका पेपरची डाक आवृत्ती (गावोगावी जाणारी, म्हणून आधी छापली जाणारी) 'वायुगळती' मथळ्यासह छपाईला गेली होती. तालुक्यांत तोच मथळा वाचला गेला. शहर आवृत्तीत मात्र 'वाफेच्या आवाजाने घबराट' असा सिंगल कॉलम आला आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला.

त्या रात्री खरं पीआर त्या पोराने केलं. अवघड गोष्ट त्याने कुकरच्या शिट्टीवर आणून ठेवली, आणि कागदावर नसलेलं वाक्य बाहेर जाऊ दिलं नाही. तुमच्याकडे या दोन्ही गोष्टी आहेत. बॅच संशयास्पद वाटली की तुम्ही तिला 'होल्ड'चा टॅग लावता. प्रॉडक्शनवाले कितीही ओरडले, गाडी गेटवर उभी असली, तरी रिपोर्ट आल्याशिवाय तो काढत नाही. आमच्या धंद्यात वाक्यांना असा टॅग लावणारी माणसं फार कमी आहेत. साहेबाला आवडेल ते लिहून देणारे पोत्याने मिळतात.

ऑडिटचं उदाहरण घ्या. ऑडिटर समोर बसला की विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, माहीत नसेल तर 'तपासून सांगते' म्हणायचं, आणि सांगितलेल्या वेळेत खरोखर सांगायचं, हे तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं असेल. पत्रकाराशी बोलण्याचे नियम शब्दशः तेच आहेत. पाच वेळा 'का' विचारून मूळ कारणापर्यंत जाणं तुम्हाला रोजचं आहे. आम्ही ते संकट येऊन गेल्यावर शिकतो. शिवाय एफएसएसएआयचे (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) जाहिरात आणि दाव्यांबाबतचे २०१८ चे नियम तुम्ही लेबल तपासताना वापरत असाल. 'नैसर्गिक', 'ताजं', 'शुद्ध' हे शब्द हवे तिथे लावता येत नाहीत, हे खाद्यकंपन्यांची प्रेसनोट लिहिणाऱ्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

मी या धंद्यात आलो त्याच वर्षी, ऑक्टोबर २००३ मध्ये, कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याचं प्रकरण महाराष्ट्रात गाजलं. कंपनी आधी म्हणाली, दुकानदारांनी माल नीट साठवला नाही. अन्न व औषध प्रशासनाने बोट पॅकिंगकडे दाखवलं. पुढे कंपनीने दुकानदारांसाठी 'विश्वास' नावाची मोहीम काढली आणि २००४ च्या सुरुवातीला जास्त घट्ट सील होणारं वेष्टन आणलं. अमिताभ बच्चनची जाहिरात लोकांच्या लक्षात राहिली. पण वेष्टन बदललं नसतं तर त्या जाहिरातीने काय उजेड पडला असता? तुम्ही हे प्रकरण वाचाल ते मूळ कारण आणि सुधारणा या चष्म्यातून. तो चष्मा काढू नका.

बाहेरून येण्याचा संकोचही नको. हा धंदा उभाच बाहेरच्यांनी केला. पीआरच्या जनकांपैकी एक, आयव्ही ली, आधी वर्तमानपत्रातला बातमीदार होता. १९०६ मध्ये अमेरिकेत रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा माहिती दाबण्याऐवजी त्याने पत्रकारांना थेट जागेवर नेलं. दुसरा जनक एडवर्ड बर्नेज, त्याच्याकडे तर कॉर्नेल विद्यापीठाची शेतकीची पदवी होती.

आता तुम्ही कच्च्या कुठे असाल, ते. लिहिण्यात. रिपोर्टची भाषा वेगळी आणि बातमीची वेगळी. माझी पहिली प्रेसनोट एका इस्पितळातल्या नव्या मशीनवर होती. एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी ती स्वतः नेऊन दिली. तिथले वयस्क उपसंपादक चष्मा कपाळावर सरकवून वाचत गेले, लाल पेनाने पाच ठिकाणी गोल केले आणि कागद परत दिला. "भाऊ, 'अत्याधुनिक' पाच वेळा आलं. मशीन करते काय, ते त एकदाबी नाही लिवलं तुम्ही." मी जिन्यावर बसून ती परत लिहिली. पहिल्या वाक्यात कोण, काय, कुठे, केव्हा. दुसऱ्यात वाचणाऱ्याचा त्याच्याशी संबंध. साहेबांचं नाव चौथ्यात. साहेब चिडतात. चिडू द्यावं.

नागपुरात यात आणखी एक गुंता आहे. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि तो वारसा पेपरच्या स्टॉलवर अजून दिसतो: मराठी दैनिकं, तेवढ्याच ताकदीची हिंदी दैनिकं आणि १९११ पासूनचा इंग्रजी 'हितवाद'. म्हणजे प्रत्येक प्रेसनोट तीन भाषांत, आणि तिन्ही वेगवेगळ्या लिहिलेल्या. मराठीचं शब्दशः हिंदी करून पाठवणारे लगेच ओळखू येतात. पुण्या-मुंबईच्या एजन्सीकडून आयती मराठी नोट येते, तिच्यात 'पत्रकार परिषद' असते. आपल्याकडचे पेपर 'पत्रपरिषद' लिहितात. गोष्ट बारीक आहे, पण डेस्कवरच्या माणसाला कागद कुठून आला ते तेवढ्यावर कळतं.

वेळेचंही इथलं गणित आहे. डाक आवृत्ती लवकर सुटते, त्यामुळे काटोल-नरखेडच्या संत्रा उत्पादकांपर्यंत पोचायची बातमी रात्री उशिरा पाठवून उपयोग नसतो. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्स बॅरिकेडने बंद, निम्मे बातमीदार विधानभवनात आणि उरलेले मोर्च्यांवर. त्या दिवसांत नव्या बिस्किटाची पत्रपरिषद ठेवणाऱ्या एका क्लायंटला मी समजावून थकलो. शेवटी तीन पत्रकार आले, त्यांतले दोन जेवायला.

एक चूकही सांगतो. दुसऱ्या वर्षी एका खासगी रुग्णालयासाठी मी एका अवघड शस्त्रक्रियेची बातमी केली. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची, वर्ध्याकडची. मी नाव, गाव, आजार, सगळं लिहिलं. सगळ्या पेपरांत छान लागली, कात्रणांची फाइल करून मी रुबाबात फिरलो. चौथ्या दिवशी तिचे वडील रिसेप्शनवर येऊन उभे राहिले. हातात पेपरची घडी. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, सही तर आम्ही ऑपरेशनच्या कागदावर केली होती." सोयरीक जमत आली होती, ती मोडली. कात्रणांची फाइल मी त्यानंतर उघडली नाही. तेव्हापासून बातमीसाठीच्या संमतीचा कागद वेगळा, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि नाव न छापण्याचा पर्याय सगळ्यात वर.

नोकरीकडे वळू. नागपुरात निव्वळ पीआरच्या एजन्सी थोड्या; बहुतेक जण जाहिरात, इव्हेंट, सोशल मीडिया आणि पीआर एकाच दुकानात विकतात. तिथे गेलात तर पहिले सहा महिने फ्लेक्सचं प्रूफ तपासण्यात जातील, हे गृहीत धरा. मुंबई-दिल्लीच्या एजन्सींना इथल्या कामापुरता स्थानिक माणूस लागतो, तो कामागणिक पैसे घेतो. हप्ता चालू असताना हा मार्ग धोक्याचा. सरकारी बाजूला माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) आणि मॉयल (मँगनीजच्या खाणींची कंपनी) यांसारखे मुख्यालय इथेच असलेले सार्वजनिक उपक्रम आहेत, पण तिथे रीतसर जाहिरात निघते, वयाची अट असते आणि पत्रकारितेची किंवा जनसंपर्काची पदवी-पदविका मागतात. डिप्लोमाचा खरा उपयोग या दाराला. बाकी दारांवर तुमचा डिप्लोमा कोणी उलटून पाहणार नाही, तुम्ही लिहिलेलं मात्र पाहतील. करायचाच असेल तर नोकरी न सोडता करा, आणि कोर्समध्ये दर आठवड्याला लिहून घेतात का, तेवढं विचारा.

तुमच्यासाठी मला चौथं दार बरं वाटतं: कंपन्या, रुग्णालयं आणि शिक्षणसंस्थांचे स्वतःचे संवाद विभाग. रुग्णालयात २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेमुळे डॉक्टरला स्वतःची जाहिरात करता येत नाही, म्हणून काय सांगावं आणि काय नाही याचं भान असलेला माणूस तिथे हवाच असतो. खाद्यउद्योगात तर तुमची दहा वर्षं थेट चलनात येतात. आणि या सगळ्याच्या आधी तुमची आत्ताची कंपनी. एचआरला जाऊन सांगा, प्लांट पाहायला येणाऱ्या शाळा-कॉलेजांचं काम मी बघते, कंपनीचं अंतर्गत पत्रक मी काढते, ग्राहकांच्या तक्रारींची उत्तरं मी लिहिते. पगार तोच, हप्ता सुरक्षित. सहा महिन्यांत तुम्हालाही कळेल की हे काम रोज करवतं की नाही. त्यांनी नकार दिला तर तीही माहितीच झाली.

पगार उतरेल. मी एमआर असताना महिन्याला अकरा हजार आणि वर इन्सेन्टिव्ह मिळायचा. इथे आठ हजारांवर आलो आणि जुन्या आकड्याला पोचायला अडीच वर्षं लागली. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. तुम्ही विभागात ज्येष्ठ आहात, त्यामुळे उतार जास्त जाणवेल. कंपनीच्या आतूनच बदल केलात तर कदाचित वाचाल.

माझं सगळं उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुमच्याच हातात आहेत. संध्याकाळी सहा ते दहा फोन उचलणं जमेल का? मुलीच्या अभ्यासाची वेळ तीच असते. ही अडचण बाईमाणसालाच सांगितली जाते, मला कधी कोणी विचारली नाही. तरी घरात आधी बोलून घ्या, कारण संकट नेमकं त्याच वेळी येतं. हिंदी लिहिता येतं का, नुसतं बोलता येत असेल तर किती वेळात लिहिता येईल? आणि साहेब चुकीचं बोलायला सांगत असतील तर 'होल्ड' म्हणायची तुमची तयारी प्लांटच्या गेटबाहेरही टिकेल का? प्लांटवर तुमच्या पाठीशी लॅबचा रिपोर्ट असतो. इथे बरेचदा नुसती तुमची खात्री असते.

एक इशारा. मुलाखतीत कोणी 'तुमच्या ओळखी किती?' एवढंच विचारलं, किंवा कात्रणांवर पट्टी ठेवून सेंटिमीटर मोजून तेवढ्या जाहिरातीचा भाव सांगणं हेच काम आहे म्हणाला, तर तिथून उठा. जनसंपर्काचं मोल असं मोजू नये, असं या व्यवसायातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१० मध्ये बार्सिलोनात ठरवलं. आपल्याकडे पट्टी अजून चालूच आहे. पैसे देऊन बातमी लावून घ्या, असं सुचवणारेही भेटतील. त्यांचा नंबर ठेवू नका.

माणसं भेटायला पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या नागपूर शाखेच्या कार्यक्रमांना जात जा. भाषणांपेक्षा चहाच्या वेळी जास्त कळतं.

आता या रविवारचं काम. तुमच्या विभागात गेल्या वर्षभरात आलेली आणि नीट निस्तरलेली ग्राहकाची एक तक्रार घ्या. कंपनी, ग्राहक, उत्पादन, सगळी नावं काढून टाका. दीडशे शब्दांत मराठीत लिहा, जणू उद्या पेपरला द्यायची आहे. मग ती बाजूला ठेवून, तिच्याकडे न बघता हिंदीत लिहा. दोन्ही घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याने कधी कारखाना पाहिलेला नाही, आणि काय झालं ते त्याच्या तोंडून ऐका. जिथे तो अडखळेल तिथे खूण करा आणि परत लिहा.

दुसरा खर्डा मला पाठवा. लाल पेन अजून तेच वापरतो. फक्त नोव्हेंबर संपायच्या आत पाठवा, त्यानंतर अधिवेशन आटोपेपर्यंत मी कोणाचंच काही वाचत नाही.